हृदयात गाठ निघाली तर: शेजारच्या धमन्यांपासून बेळगाव-मुंबईच्या फेऱ्यांपर्यंत, घरच्यांसाठी टप्प्याटप्प्याने

टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर 'मास', म्हणजे गाठ, हा शब्द आला की घरातला पहिला फोन मुंबईच्या नातेवाइकाला जातो आणि दुसरा गाडीवाल्याला. हे दोन्ही फोन दोन-चार दिवस थांबू शकतात, अर्थात पेशंटचा रक्तदाब आणि श्वास ठीक असेल तर. त्या दोन-चार दिवसांत काय करायचं, कुठली तपासणी आधी, कुठली नंतर, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी घरांना कळावं म्हणून हे लिहितो आहे. इकडे एक पाय कर्नाटकात, दुसरा कोल्हापूर-मिरजेकडे असतो. त्यामुळे रस्ते जास्त आणि घोळही जास्त.

लेखभर एकच गोष्ट पुन्हापुन्हा येईल, ती सुरुवातीलाच सांगतो. हृदयातली गाठ किती सेंटिमीटरची आहे हे सगळे विचारतात. त्यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत: ती कुठल्या जातीची आहे, आणि कुठल्या रक्तवाहिनीला चिकटली आहे.

पहिला टप्पा: घाबरण्याआधी शक्यता मोजा

हृदयात दिसणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. कित्येकदा ती रक्ताची गुठळी असते, विशेषतः हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या पेशंटमध्ये. खरी गाठ असली तरी हृदयातच सुरू झालेल्या गाठी मुळातच दुर्मीळ आहेत. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदींत त्या दर १०,००० मागे जास्तीत जास्त तीन अशा सापडतात, आणि त्यांतल्या चारपैकी साधारण तीन साध्या असतात. प्रौढांमध्ये सर्वांत ओळखीची साधी गाठ म्हणजे मिक्सोमा. ती बहुधा डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), दोन अलिंदांमधल्या पडद्याला देठाने लोंबकळते. स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९५४ साली अशी गाठ यशस्वीपणे काढली. आज अनुभवी हार्ट सर्जनला ती नवी राहिलेली नाही, आणि ती निघाली की बहुतेक पेशंट बरे होतात.

दुसरी शक्यता, इतर ठिकाणचा कर्करोग हृदयापर्यंत पोचल्याची. हे हृदयातच सुरू झालेल्या कर्करोगापेक्षा किमान २० पट जास्त आढळतं. फुप्फुस, स्तन, अन्ननलिका, रक्ताचे कर्करोग, त्वचेचा मेलॅनोमा इथून तो येतो. मूत्रपिंडाचा कर्करोग तर खालच्या महाशिरेतून सरळ वर चढत उजव्या अलिंदात शिरू शकतो. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी किंवा छाती-पोटाचा सीटी सांगितला तर 'हृदयाच्या दुखण्याला पोट कशाला तपासायचं?' असं म्हणून टाळू नका.

उरतो तो खरा दुर्मीळ गट: हृदयातच सुरू झालेले कर्करोग. त्यांत बहुतेक सार्कोमा (स्नायू, रक्तवाहिन्या अशा ऊतींचे कर्करोग) असतात, थोडे लिम्फोमा (लसिका पेशींचे कर्करोग). सार्कोमांमध्ये अँजिओसार्कोमा सर्वांत जास्त दिसतो. तो बहुधा उजव्या अलिंदात होतो, तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत थोडा जास्त. निदान होईपर्यंत अनेकांच्या फुप्फुसांत तो पोचलेला असतो.

दुसरा टप्पा: शेजारी कोण कोण राहतं ते समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या, कारण पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात. डॉक्टरांना कागदावर हृदयाचं चित्र काढून गाठ कुठे आहे ते दाखवायला सांगा. बहुतेक जण आनंदाने काढतात. तो कागद फाईलला लावा.

हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून, खाचांमधून धावतात. शेताच्या बांधालगतच्या पाटासारख्या. उजवी कोरोनरी धमनी उजवं अलिंद आणि उजवं निलय (खालचा कप्पा) यांच्या मधल्या खाचेतून जाते, आणि अँजिओसार्कोमाची आवडती जागाही नेमकी तीच. म्हणून या गाठीत उजव्या कोरोनरीचं काय झालं आहे, हा पहिला प्रश्न.

धमनीचं नुकसान चार प्रकारे होतं. पहिला प्रकार दाबाचा: गाठ बाहेरून रेटते आणि धमनी चपटी होते. चालताना छातीत आवळल्यासारखं होतं, पण धमनीच्या आत चरबीचा अडथळा काहीच नसतो. दुसरा वेढ्याचा: गाठ धमनीला चारही बाजूंनी गुंडाळते. वेढा दिसला म्हणजे रक्त थांबलंच असं नाही. हृदयाच्या लिम्फोमात तर धमनी गाठीच्या मधून जाते आणि बऱ्याचदा आतून मोकळीच राहते. रेडिओलॉजिस्टला हा फरक निदानाचा धागा म्हणून उपयोगी पडतो. तिसरा प्रकार घुसखोरीचा. सार्कोमा धमनीची भिंत खातो. मग भिंत कमजोर होऊन फुगा येतो, कधी धमनीतून गाठीत किंवा हृदयाच्या कप्प्यात रक्ताची चोरवाट तयार होते, कधी भिंत फुटून हृदयावरणात (हृदयाभोवतीच्या पिशवीत) रक्त भरतं. हा शेवटचा प्रकार जिवावरचा.

चौथा प्रकार तुकड्यांचा. डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा सुटला तर तो मेंदूत जाऊन पक्षाघात करतो, पायाच्या धमनीत अडकून पाय गार पाडतो, क्वचित कोरोनरीतच अडकतो. मिक्सोमाही हे करतो, म्हणजे तुकडा सुटला यावरून कर्करोग ठरत नाही. तरुण माणसाला रक्तदाब, साखर काही नसताना पक्षाघात झाला आणि मेंदूचा स्कॅन करून घरी पाठवलं, तर हृदयाचा इको झाला का हे आवर्जून विचारा.

उजव्या कोरोनरीचं आणखी एक काम लोकांना माहीत नसतं. हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या गाठोळीला बहुसंख्य माणसांत तिच्याच फांदीतून रक्त मिळतं, आणि वरून खाली संदेश नेणाऱ्या केंद्राला तर जवळपास दहातल्या नऊ जणांत. म्हणून ही धमनी दाबली गेली की छातीत दुखण्याऐवजी ठोके मंदावणं, चक्कर, अचानक डोळ्यांपुढे अंधारी अशीही सुरुवात होऊ शकते.

डाव्या अलिंदातले सार्कोमा वेगळे वागतात. ते मागच्या भिंतीकडे, फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी वाढतात. इकोत मिक्सोमासारखे दिसतात आणि फसवतात. गाठ मधल्या पडद्याला न चिकटता मागच्या भिंतीला, रुंद बुडाने बसली असेल, एकाहून जास्त असतील, किंवा झडपेत शिरली असेल तर 'मिक्सोमाच असणार' या वाक्यावर थांबू नका.

मग फुप्फुस धमनी. तिच्या आतल्या अस्तरातून उगवणारा सार्कोमा हुबेहूब फुप्फुसातल्या गुठळीसारखा दिसतो. पेशंट महिनोन्‌महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो आणि दम काही कमी होत नाही. पायाच्या शिरांत गुठळी सापडलेली नाही, औषध नीट चालू आहे, तरी सीटीमध्ये 'गुठळी' तशीच किंवा मोठी झालेली, वजन उतरतंय, बारीक ताप येतोय: असं असेल तर ही गुठळी आहे की गाठ, हा प्रश्न तुम्हीच उपस्थित करा. वरच्या महाशिरेवर दाब आला तर चेहरा आणि हात सुजतात, मानेच्या शिरा तटतटतात, खाली वाकलं की डोकं भरून येतं.

तिसरा टप्पा: लक्षणं ओळखा, आणि 'टीबीचं पाणी' या निष्कर्षाकडे दोनदा बघा

"जिना चढला की दम लागूलाय बघा," इथून बहुतेकांची सुरुवात होते. दम, छातीत भरून येणं, पाय सुजणं, बारीक ताप, थकवा. यातलं एकही लक्षण फक्त या आजाराचं नाही, आणि म्हणूनच उशीर होतो.

आपल्या भागात एक सापळा ठरलेला आहे. हृदयाभोवती पाणी भरलं की पहिला संशय टीबीचा येतो. त्यात चूक काही नाही, भारतात टीबी हे त्याचं मोठं कारण आहेच. पाणी लालसर निघालं तरी टीबी असू शकतो. पण टीबीची औषधं सुरू केल्यावर पाणी पुन्हापुन्हा भरत असेल, आणि पाण्याच्या तपासणीत टीबीचा ठोस पुरावा कधी मिळालाच नसेल, तर उजव्या अलिंदाच्या भिंतीकडे नीट बघितलं पाहिजे. पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत हा रिपोर्टही दिलासा मानू नका. अँजिओसार्कोमात पाणी अनेकदा 'निगेटिव्ह' येतं. अशा वेळी हृदयाचा एमआरआय किंवा सीटी मागणं हा उद्धटपणा नाही.

थेट तातडीच्या विभागात जायची लक्षणं: आडवं झाल्यावर श्वास कोंडणं आणि बसल्यावरच बरं वाटणं, मानेच्या शिरा फुगून रक्तदाब घसरणं, घाम येऊन शुद्ध हरपणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, पाय अचानक गार आणि निळसर होणं, खोकल्यातून रक्त. १०८ ला फोन करा.

हृदयात गाठ असल्याचं आधीच माहीत असेल तर तातडीच्या विभागात गेल्यावर पहिलं वाक्य तेच बोला. ईसीजीमधले बदल हार्ट अटॅकसारखे दिसतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं जाऊ शकतं. रक्ताळ गाठ आणि हृदयावरणात पाणी असलेल्या पेशंटमध्ये त्या इंजेक्शनने जीव जाऊ शकतो. पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, इंग्रजीत एका ओळीची चिठ्ठी ठेवा: हृदयात गाठ, कुठल्या कप्प्यात, पाणी आहे की नाही, कुठली रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत.

चौथा टप्पा: तपासण्या, आणि त्यांची तयारी

छातीवरून होणारा टूडी इको ही सुरुवात. मागच्या भिंतीकडची गाठ नीट दिसण्यासाठी अन्ननलिकेतून नळी घालून इको करतात. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात जठराच्या एंडोस्कोपीइतकंच.

त्यानंतर दोन तपासण्यांत खरी माहिती मिळते. हृदयाच्या एमआरआयमध्ये गाठीचा पोत कळतो, ती गुठळी आहे का, तिला रक्तपुरवठा आहे का, भिंतीत शिरली आहे का. कोरोनरी सीटी अँजिओग्राफीत धमन्या आणि गाठीचं नातं दिसतं. सीटी हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून काढलेला हवा, साधा छातीचा सीटी धमन्यांसाठी पुरत नाही. दोन्हीची सोय आणि त्या वाचणारा रेडिओलॉजिस्ट एकाच ठिकाणी असेल तर तिथेच करा. स्वस्त सेंटरला काढलेला अर्धवट सीटी पुन्हा काढावा लागतो आणि पैसे दुप्पट जातात.

कोरोनरी सीटीआधी ठोके कमी करायची गोळी देतात, तेव्हा दमा असेल तर आधी सांगा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर थांबवायची का ते विचारा. ज्या दिवशी रिपोर्ट घ्याल त्याच दिवशी सीडी मागा. मोठ्या फिल्म गुंडाळून नेण्यापेक्षा सीडी किंवा पेनड्राइव्ह दहापट उपयोगी. पुढचा डॉक्टर गाठ सगळ्या बाजूंनी फिरवून बघू शकतो. सीडी घरी येऊन लॅपटॉपवर उघडते का ते तपासा, रिकामी सीडी घेऊन मुंबईला परळपर्यंत गेलेली माणसं आहेत.

पेट-सीटी शरीरात इतरत्र पसरलं आहे का हे दाखवतो. इथे खाण्याचा भाग महत्त्वाचा आहे आणि तो सेंटरवाले कधी घाईत सांगतात. निरोगी हृदयाचा स्नायूही साखर खातो आणि स्कॅनमध्ये उजळतो. मग गाठ कुठली आणि स्नायू कुठला हे कळत नाही. म्हणून हृदयासाठी पेट करताना आदल्या दिवशी भात, भाकरी, चपाती, फळं, दूध, साखर बंद ठेवून अंडी, मटण, मासे, पनीर, तूप असं खायला लावतात आणि मग दीर्घ उपास. भेटीला आलेल्यांनी आणलेला कुंदा त्या दिवशी कपाटातच राहू द्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ही तयारी स्वतःच्या मनाने करू नये, लेखी सूचना घ्याव्यात. तपासणी 'हृदयासाठी' आहे हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

अँजिओसार्कोमा ठरला तर फुप्फुसांबरोबर मेंदूचाही स्कॅन सांगतात. नाही म्हणू नका.

पाचवा टप्पा: बायोप्सी

या लेखातला माझा सर्वांत ठाम आग्रह इथे आहे. गाठ कर्करोगाची वाटत असेल आणि पेशंट स्थिर असेल तर मोठ्या ऑपरेशनआधी तुकडा तपासता येईल का, हे विचारलंच पाहिजे. 'सुईने पसरतो' म्हणून घरातली वडीलधारी माणसं अडून बसतात. ती भीती समजू शकतो, पण इथे तिची किंमत फार मोठी पडते.

कारण लिम्फोमा. हृदयातला लिम्फोमा दिसायला सार्कोमाइतकाच भयंकर असतो, धमनीला वेढा घालून बसलेला असतो, पण त्यावरचा उपचार केमोथेरपी आणि रिटुक्सिमॅब हे औषध हा आहे. छाती उघडून सगळी गाठ काढायची गरज बहुधा पडत नाही. औषधाला तो झपाट्याने वितळतो. कधी इतक्या झपाट्याने की हृदयाची भिंत कमजोर पडण्याचा किंवा ठोके बिघडण्याचा धोका असतो, म्हणून पहिले डोस मॉनिटर लावून देतात.

तुकडा मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून, सीटीच्या मदतीने, किंवा छोट्या शस्त्रक्रियेने घेतात. लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) किंवा फुप्फुसात पसरलेली गाठ असेल तर तिथूनच घेणं सोपं आणि सुरक्षित. १९३४ साली अमेरिकेत पेशंट जिवंत असताना हृदयाच्या सार्कोमाचं पहिलं निदान झालं तेही ईसीजी आणि लिम्फ नोडच्या तुकड्यावरून! उलट, डाव्या बाजूची लोंबती, तुकडे पडण्यासारखी गाठ असेल तर सर्जन बायोप्सी टाळून सरळ काढायचा निर्णय घेतात. तोही बरोबर असू शकतो. कारण तेवढं विचारून घ्या.

बायोप्सीआधी स्टिरॉइड सुरू करू नका. दम लागतो म्हणून, सूज आहे म्हणून गावात कुणी इंजेक्शन देत असेल तर अडवा. लिम्फोमा स्टिरॉइडने तात्पुरता आटतो आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही.

तुकड्याचे मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या ही तुमच्या फाईलमधली सर्वांत मौल्यवान वस्तू. लॅबकडे लेखी अर्ज केला की मिळतात. मोठ्या केंद्रात गेल्यावर त्या पुन्हा तपासतात, त्यावर जास्तीच्या चाचण्या करतात. नुसत्या 'सार्कोमा' एवढ्या निदानावर समाधान मानू नका, उपप्रकार विचारा. उन्हाळ्यात ठोकळे गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते.

सहावा टप्पा: कुठे जायचं, कशाच्या भरवशावर

पहिला इको, पाणी काढणं, स्थिर करणं हे बेळगावात होतं. केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आणि बीम्सचं सरकारी रुग्णालय सगळ्यांना माहीत आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर ४० किलोमीटरवर आहे, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट लांब. अथणीकरांची पावलं परंपरेने मिरजेकडे वळतात. तातडीच्या वेळी जवळचं ते बरोबर, राज्य बघू नका.

ठरवून उपचार घ्यायचे तेव्हा मात्र वेगळा हिशेब. या आजाराला हार्ट सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ दोघे एकाच टेबलावर बसलेले हवेत. बंगळूरला किदवाई आणि जयदेव या दोन सरकारी संस्था आहेत, एक कर्करोगाची, एक हृदयाची. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आणि हाकेच्या अंतरावर केईएम रुग्णालय. कुठेही गेलात तरी प्रश्न हाच: 'दोन्ही विभागांची एकत्र बैठक होईल का, आणि तिचा निर्णय लेखी मिळेल का?' प्रवास करण्याआधी मत हवं असेल तर टाटा आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सल्लासेवा आहे, कागद अपलोड करून लेखी मत मिळतं. दमणाऱ्या पेशंटला घाट ओलांडून नेण्याआधी हा मार्ग वापरावा असं माझं मत.

पैशाचं. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के असं संरक्षण आहे. तातडी नसेल तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं, म्हणून बीम्सची पायरी चुकवू नका. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. आपलं गाव यादीत आहे का आणि कोणतं रेशन कार्ड चालतं, हे तिकडच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडूनच, दाखल होण्याआधी, पक्कं करा. राजकारणात कोण काय म्हणतं त्याने दावा मंजूर होत नाही. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी कार्डही बाहेर काढा. दुर्मीळ ऑपरेशनला ठरलेलं पॅकेज नसतं, त्यामुळे पूर्वपरवानगीचा कागद हातात आल्याशिवाय 'योजनेत बसतं' या तोंडी शब्दावर तारीख घेऊ नका. रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, जुना दाखला मराठीत आणि तिन्हीवर आडनाव वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. रुग्णालयात पहिली नोंदणी आधारवरच्या स्पेलिंगनेच करा.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभरात बंगळूर, हा बसपेक्षा पेशंटला सोसणारा प्रवास. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

सातवा टप्पा: ऑपरेशनच्या आधी विचारायचं

सार्कोमात सर्वांत जास्त फायदा गाठ कडेच्या निरोगी भागासह पूर्ण निघाली तर होतो. अर्धवट काढून फारसा उपयोग नसतो, अपवाद फक्त अडथळा मोकळा करण्याचा. म्हणून प्रश्न: पूर्ण निघेल असं वाटतं का? धमनी वाचेल की तोडावी लागेल? उजव्या कोरोनरीचा तुकडा गाठीबरोबर काढावा लागला तर पुढच्या भागाला पायाची शीर वापरून बायपास करतात आणि अलिंदाची भिंत गाईच्या हृदयावरणाच्या पडद्याने बांधतात. हे होऊ शकतं आणि केलं जातं. त्यासाठी आधी अँजिओग्राफी हवी, गाठीला रक्त कुठून येतं तेही तीत दिसतं. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, व्हेरिकोज असतील, तर आधी सांगा.

डाव्या अलिंदाच्या मागच्या गाठींसाठी काही मोजक्या केंद्रांत हृदय बाहेर काढून, गाठ काढून, पुन्हा बसवतात. डेंटन कूली यांनी १९८५ मध्ये याचा पहिला प्रयत्न केला, सार्कोमासाठी यश १९९८ मध्ये मायकेल रिअर्डन यांना मिळालं. पेशंट यासाठी योग्य आहे का हे विचारायला हरकत नाही, हट्ट मात्र नको.

'धमनी दाबली आहे तर स्टेंट टाकून टाका,' असं कुणीतरी सुचवतंच. बाहेरून गाठ रेटत असेल तर स्टेंट टिकण्याची खात्री कमी. त्यानंतर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतात, आणि रक्ताळ गाठीत त्या गोळ्या घातक ठरू शकतात. केमोही लांबते. काही निवडक पेशंटमध्ये स्टेंट टाकतात, पण तो निर्णय दोन्ही विभागांनी मिळून घ्यावा.

किती काळ, हा प्रश्न पेशंटला विचारून मगच विचारा. सार्कोमात पूर्ण शस्त्रक्रिया न झाल्यास आयुष्य बहुधा महिन्यांत मोजलं जातं, पूर्ण झाल्यास ते वाढतं, काही जण कित्येक वर्षं जगतात. पेशंटला न सांगता फक्त मुलग्यांनी कुजबुजत ठरवायची पद्धत मला पटत नाही. घर, पीककर्ज, मुलीचं लग्न यांचे निर्णय त्याचे त्यालाही घ्यायचे असतात.

आठवा टप्पा: केमो आणि रेडिएशन

अँजिओसार्कोमाला पॅक्लिटॅक्सेल, इतर सार्कोमांना डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड ही नेहमीची नावं. डॉक्सोरुबिसिन स्वतः हृदयाचा स्नायू कमजोर करतं, म्हणून प्रत्येक दोन-तीन डोसांनी इको आणि आतापर्यंतच्या एकूण मात्रेची नोंद फाईलमध्ये हवीच. केंद्र बदललं तर हा आकडा सर्वांत आधी दाखवा. मोठ्या शहरात योजना ठरवून पुढचे डोस बेळगाव किंवा हुबळीला घेता येतील का ते विचारा, बरेच कर्करोगतज्ज्ञ तयार असतात. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्रीच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.

नववा टप्पा: घरी

मिठावर लक्ष आणि रोज सकाळी लघवीनंतर वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. लोणचं, पापड, सांडगे बंद. काढे, भस्मं, 'गाठ विरघळवणारी' पुडी हे केमोबरोबर नको, यकृत आणि मूत्रपिंड आधीच ताणाखाली असतात. पाणी पुन्हापुन्हा भरत असेल तर दरवेळी सुई मारण्याऐवजी हृदयावरणाला छोटी खिडकी करून पाणी वाहून जाऊ देता येतं, हा पर्याय विचारा.

वेदना आणि दम यांसाठी मॉर्फिन हे चांगलं औषध आहे, मरणाची चिठ्ठी नव्हे. २०१४ च्या कायदाबदलानंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते देणं सोपं झालं, तरी गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. म्हणून मोठ्या केंद्रातून निघतानाच किती दिवसांचं देताय आणि संपल्यावर जवळपास कुठे मिळेल, हे लिहून घ्या. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. घरी झेपेनासं झालं तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं आणि बंगळूरला करुणाश्रय ही मोफत उपशामक (त्रास कमी करणारी) केंद्रं आहेत. पेशंट अगदी खचण्याआधीच तिथे एकदा बोलून ठेवलेलं बरं.

उपचार पूर्ण झाले तर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी छातीचा सीटी आणि इको किंवा एमआरआय. बायपास झाला असेल तर छातीत दुखलं की स्कॅनच्या तारखेची वाट न बघता ईसीजी. पुढची तारीख रुग्णालयाच्या कागदावर असतेच. ती घरच्या कॅलेंडरवर, सुगी आणि लगीनसराईच्या तारखांशेजारी लिहा, म्हणजे 'कापणी झाल्यावर जाऊ' असं होणार नाही.